सूनबाईची गळकी बंदूक

बंदूक गळते ही गोष्ट महादेवरावांना आधी पटलीच नाही. मोटार गळते, पाइप गळतो, टाकी गळते. गावातल्या समाजमंदिराचं छप्पर तर बांधल्या दिवसापासून गळतं. पण बंदूक?

दसरा होऊन तीन दिवस झाले होते. मंगळवारी सकाळी त्यांची सून संजीवनी बंदूक घेऊन मागच्या अंगणात आली. नळीच्या खाली बसवलेल्या नळकांड्याच्या टोकाला रुपयाएवढं काट्याचं घड्याळ होतं. त्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "मामाजी, काल सांजच्याले दोनशे हवा भरली होती. आता पाहा."

काटा नव्वदवर होता.

"घड्याळ खोटं बोलत असंन," महादेवराव म्हणाले.

"आणि छर्रेही खोटं बोलून राह्यले का? धाच्या धा खाली पडले."

ही बंदूक वाघ मारायची नव्हे. दहा मीटरवर टांगलेल्या कागदावर खसखशीएवढा ठिपका असतो, त्याला छर्रा मारायची. यात ना दारू, ना धूर. नळकांड्यात दाबून भरलेली हवा आणि आत एक वॉल्व, एवढाच कारभार. घोडा दाबला की आतली छोटी हातोडी वॉल्वला टपली मारते, वॉल्व पापणी लवावी तेवढाच उघडतो आणि तेवढ्या हवेनं छर्रा जातो. वॉल्व नीट मिटला नाही तर हवा नुसतीच निघून जाते. माणसाच्या जिभेलाही असा एक वॉल्व असायला हवा होता. शेजारच्या वामनरावांना तो बसवायचा राहून गेला होता, पण ते पुढं येईलच.

रविवारी अमरावतीला निवडीचा सामना होता. पहिले आठ जण राज्याच्या स्पर्धेला जाणार. संजीवनी कॉलेजात असताना एकदा राज्याला जाऊन आलेली. मग लग्न झालं, दोन लेकरं झाली, बारा वर्षं बंदूक सुटली. आता चौतिसाव्या वर्षी शिवणकामाच्या पैशातून तिनं जुनी बंदूक घेतली होती, तीही डाव्या हाताची, कारण ती डावखुरी. सगळ्या जिल्ह्यात डाव्या हाताची दुसरी बंदूक नव्हती. म्हणजे उसनी मिळायची वाट बंद. ही बंदूक रविवारपर्यंत दुरुस्त झाली तर अमरावती, नाहीतर शिलाई मशीन.

महादेवरावांनी पुण्याच्या दुकानाला फोन लावला. तिकडून एक मुलगा फार गोड बोलला. "काका, कुरिअर करा. तीन आठवडे लागतील. आणि प्लीज, तुम्ही स्वतः हात लावू नका हं."

महादेवरावांनी फोन खाली ठेवला आणि बराच वेळ आपल्या हातांकडं पाहिलं. या हातांनी लोणारपासून मेहकरपर्यंतच्या विहिरींतून चाळीस वर्षं मोटारी वर काढल्या होत्या. साठ फुटांवर दोराला लोंबकळत फुटवॉल्व बदलले होते. पन्नाशीत रात्रशाळेत जाऊन हेच हात अक्षर गिरवायला शिकले होते, ते कशासाठी, तर मोटारीवरची पाटी दुसऱ्याकडून वाचून घ्यायची लाज वाटू नये म्हणून. आणि एक पोरगं सांगतं, हात लावू नका!

"वॉल्व म्हणजे वॉल्व," ते गरजले. "विहिरीत असो का बंदुकीत. संजीवनी, माही पान्याची पेटी आण!"

"मोडली तं?" आतून मंजुळाबाईंनी विचारलं. या त्यांच्या पत्नी. त्या कमी बोलत, पण नेमक्या वेळी बोलत.

"मोडली तं जोडीन!"

गळती शोधायची तर आधी हवा भरायला हवी. हवा भरायला संजीवनीकडं सायकलच्या पंपासारखा, पण कमरेएवढा उंच पंप होता. सायकलचा पंप दहा वेळा मारला की चाक टणक होतं. हा पंप दीडशे वेळा मारावा लागे, आणि शेवटचे पन्नास तर अंगाचं सगळं वजन टाकून. मधे पंप तापला की थांबायचं. महादेवराव चाळिसाव्या खेपेलाच तापले. पंप अजून गार होता.

तेवढ्यात वामनराव कुंपणाशी आले. वामनराव म्हणजे निवृत्त ग्रामसेवक. गावात कुणाच्याही घरी काही बिघडलं की त्यांना चहाची तलफ येई.

"काय चाललं, महादेवराव? व्यायाम?"

"बंदुकीत हवा भरून राह्यलो."

"मंग गावात टायरवाल्याजवळ जा ना. दोन मिन्टात भरून देते."

"टायरवाल्याची हवा दहापर्यंत जाते, वामनराव. हिले दोनशे लागते."

"दोनशे?" वामनराव दोन पावलं मागं सरकले. "फुटली तं? मी म्हणतो, सुनेच्या हाती सुई शोभते. तुम्ही तिले बंदूक देल्ली. आता बंदूकच फुसकी निघाली, तं देवाचीच मर्जी समजा आणि इकून टाका."

महादेवरावांनी कपाळावरचा घाम पुसला. पंपाचा दांडा वामनरावांच्या हातात दिला. "तुम्ही पन्नास मारा. तवर मी देवाची मर्जी इचारतो."

रिकामा सल्ला देणाऱ्या माणसाच्या हाती काम दिलं की तो निघून जातो असा महादेवरावांचा अनुभव होता. पण वामनरावांना डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता. ते राहिले. दुसऱ्या दिवशी आणखी दोघांना घेऊन आले. बंदूक रात्रीतून अर्धीअधिक रिकामी होई आणि सकाळी गल्ली ती भरून देई. प्रत्येक जण पन्नास वेळा दांडा मारी, एक कप चहा पिई आणि एक सल्ला देई. एकानं सांगितलं, सायकलच्या ट्यूबचं रबर लावा. एकानं सांगितलं, आतून एरंडीचं तेल सोडा. तेल म्हटल्याबरोबर संजीवनी धावत बाहेर आली. "मामाजी, तेल नाई हं! एवढ्या दाबाच्या हवेत तेल गेलं तं पेट घेते!"

"मले माहीत हाय," महादेवराव म्हणाले. त्यांना माहीत नव्हतं. हातातली कुपी त्यांनी हळूच पायजम्याच्या खिशात टाकली. ती तिथं सांडली आणि दुपारी मंजुळाबाईंनी पायजमा धुताना त्यावर एक शब्दही काढला नाही, हे त्यांना जास्त लागलं.

बुधवारी त्यांनी साबणाचा फेस केला आणि ब्रशनं एकेका सांध्याला लावला. मोटारीच्या पाइपाला लावतात तसाच. बुडबुडा कुठंच येईना. मग हवा जाते कुठं? महादेवराव कपाळाला हात लावून बसले. संजीवनी म्हणाली, "नळीतून जात असंन. छर्रा निंगते तिथून."

"पण तिथी फेस कसा लावाचा?"

मंजुळाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "फुगा लावा ना तोंडाले."

ही सूचना बिनतोड होती, म्हणूनच ती महादेवरावांना ताबडतोब आवडली नाही. दहा मिनिटांनी ती आपल्याला सुचल्यासारखी त्यांनी पुन्हा सांगितली. नातवाच्या वाढदिवसाचा एक फुगा उरला होता, लाल, त्यावर पिवळा केक. तो त्यांनी नळीच्या तोंडाला दोऱ्यानं बांधला, आणि सासरा-सून दोघं अंगणात बंदुकीसमोर मांडी घालून बसले.

फुगा आधी मान टाकून लोंबत होता. मग त्यानं मान उचलली. अर्ध्या तासात केक दिसायला लागला.

"सापडला!" महादेवराव उठून ओरडले. "फायरिंगचा वॉल्व! बसूनच नाई राह्यला तो!"

वॉल्व सापडल्याच्या आनंदात फुगा सोडायचा राहून गेला. दोघं आत पान्यांचे नंबर शोधत असताना फुगा फुगत गेला आणि गल्ली हादरेल असा फुटला. पलीकडच्या कौशल्याबाईंची शेळी दावं तोडून थेट मेहकरच्या रस्त्याला लागली. कौशल्याबाई धावत बाहेर आल्या तर त्यांना काय दिसलं? महादेवरावांचं अंगण, अंगणात बंदूक आणि शेळी गायब. त्यांनी हिशेब जुळवला आणि चौकीला फोन केला.

जमादार सहदेव मोटारसायकलवर आले. माणूस सज्जन, पण कागदावर फार विश्वास.

"लायसन?"

"या बंदुकीले लागत नाई, साहेब," संजीवनीनं कागद पुढं केला. "खेळाची हाय. हवेची."

सहदेवांनी कागद दोन वेळा वाचला. "बरोबर हाय तुमचं. पण तक्रार आली म्हणजे मले काहीतरी लिहाच लागते. पंचनामा करू. पंच कोण?"

वामनराव आधीच खुर्चीवर बसलेले होते.

सहदेव लिहू लागले. "'आज रोजी मौजे मजकुरी महादेवराव यांच्या मागील अंगणात हवेची एक बंदूक मिळून आली. बंदुकीत हवा...' किती हाय हवा?"

"एकशे साठ," महादेवरावांनी घड्याळ पाहून सांगितलं.

"'...हवा एकशे साठ.' बंदुकीचा रंग?" मग लांबी झाली, लाकूड झालं, चतुःसीमा झाली. शेवटी सहदेवांनी खात्री करायला घड्याळ पाहिलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. "इथी तं एकशे चाळीस दिसते!"

"गळते ना ते, साहेब."

"अहो, पण म्या एकशे साठ लिहिली! वरून इचारलं, बाकीची वीस कुठी गेली, तं काय सांगू?" त्यांनी एकशे साठ खोडून एकशे चाळीस केलं आणि बाजूला छोटी सही केली. पंचांची सही घेईपर्यंत एकशे तीस झालं. वामनराव म्हणाले, मी खोट्या पंचनाम्यावर सही करत नसतो. सहदेवांनी पुन्हा खोडलं. कागदावर आता सह्याच जास्त दिसत होत्या.

"महादेवराव," सहदेव घाम पुसत म्हणाले, "पुरावा माह्या डोळ्यादेखत कमी होऊन राह्यला. तुम्ही हिच्यात हवा भरत राहा, मी लिहितो."

मग महादेवराव पंप मारत राहिले आणि जमादार लिहीत राहिले. शेवटी सहदेवांनीच तोडगा काढला. त्यांनी 'हवा अंदाजे' असं लिहिलं आणि निघताना बंदुकीकडं पाहत संजीवनीला म्हणाले, "बाई, माही पोरगी सातवीत हाय. तिले शिकवसान का?" संध्याकाळी शेळी आपल्या पायांनी घरी आली. कौशल्याबाईंनी तक्रार मागं घेतली, शब्द मात्र घेतले नाहीत.

गुरुवारी वॉल्व उघडायचा होता. संजीवनीनं अट घातली. "आधी नळकांडं काढाचं, मंग उरलेली सारी हवा सोडाची, शून्य झाली की मंगच पाना लावाचा." महादेवरावांनी ती पाळली. सुनेचं ऐकलं असं दिसू नये म्हणून तोंडानं मात्र "हे मले सांगाव लागते का" म्हणत राहिले. खाटेवर पांढरं धोतर अंथरलं. त्यावर एकेक भाग, निघाला त्याच क्रमानं, ओळीनं मांडला. गल्लीतले पंप मारणारे सगळे खाटेभोवती उभे होते. आपापली हवा कुठं गेली हे प्रत्येकाला बघायचं होतं.

शेवटी वॉल्व बाहेर आला. करंगळीच्या नखाएवढा. त्याची जिथं बैठक असते त्या पितळेच्या कडीवर एक लाल रेघ होती आणि त्या रेघेत तांदळाच्या कणीचा एक पांढरा तुकडा रुतला होता.

"गंज!" वामनराव ओरडले. "गंजकी बंदूक मारली तुमच्या गळ्यात!"

"पितळेले लाल गंज येत नाई, वामनराव," महादेवराव म्हणाले. त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं. बोट लाल झालं. मग त्यांना खंडेनवमी आठवली.

त्या दिवशी त्यांनी दरवर्षीसारखी हत्यारांची पूजा मांडली होती. पाट, त्यावर पाने, साखळी, कप्पी आणि यंदा पहिल्यांदाच सुनेची बंदूक, नळकांडं सोडवून शेजारी उभं ठेवलेलं. चाळीस वर्षं त्यांचा एकच नियम. यंत्र कुठलंही असो, हळदकुंकू त्याच्या तोंडाला. पाणी तोंडातून येतं, तर मान तोंडाचा. नळकांडं जिथं चढतं आणि हवा जिथून आत जाते ते आट्याचं भोक म्हणजेच बंदुकीचं तोंड, असं ठरवून त्यांनी कुंकवाचं ओलं बोट त्यावर टेकवलं होतं, वर अक्षता टाकल्या होत्या. तेव्हा संजीवनी म्हणाली होती, "मामाजी, तोंडाले नका लावू." आणि ते म्हणाले होते, "तोंडालेच लागते! तुले काय समजते!" मग तिथं नळकांडं चढलं आणि दोनशेच्या दाबानं तो सगळा प्रसाद थेट वॉल्वपर्यंत गेला. तिथं अडवणारी बारीक जाळी आधीच्या मालकानं केव्हाच हरवली होती.

मंजुळाबाईंनी दारातूनच लाल बोटाकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं आणि नजर खाली घातली. त्यांनी आपला करंडा ओळखला होता.

संजीवनीनंही ओळखला होता. ती वामनरावांकडं वळून म्हणाली, "गंजच असंन, काकाजी. जुनी बंदूक हाय. दुकानदारानंच..."

"नाई," महादेवराव म्हणाले.

"मामाजी, जाऊ द्या ना."

"जाऊ द्या काऊन? कुंकू हाय ते. नवमीले म्या लावलं. हे पोरगी नको म्हणत होती, तरी म्या लावलं." त्यांनी सगळ्यांकडं एकदा पाहिलं. "आता कोणाले हासाचं असंन त्यानं हासून घ्या. पण लवकर घ्या. मले काम हाय."

वामनराव हसले. गावभर सांगितलंही. दुपारपर्यंत बसस्टँडवर गोष्ट पोचली, की सासऱ्यानं सुनेच्या बंदुकीचं लग्न लावलं. महादेवरावांनी पानाच्या टपरीवर ते स्वतःच्या कानानं ऐकलं, पान घेतलं आणि सांगणाऱ्याला म्हणाले, "हाव. आणि वरात रविवारी अमरावतीले जाऊन राह्यली."

कुंकू पुसलं गेलं, पण कणीनं वॉल्वच्या तोंडावर केसाएवढा ओरखडा पाडला होता. महादेवरावांनी खिडकीची काच काढली, त्यावर सगळ्यांत बारीक पॉलिश पेपर ठेवला आणि वॉल्व धरून तो गोल, गोल, गोल फिरवला. दर वीस फेऱ्यांनी चष्मा कपाळावर चढवून उजेडात बघायचं. शुक्रवारी सकाळी बंदूक जोडून झाली. गल्लीनं शेवटचे दीडशे दांडे मारले. फुगा बांधला. सगळे जेवून आले. फुग्यानं मान उचलली नव्हती.

आता आनंदानं गप्प बसावं की नाही? पण हातोडीच्या मागचा स्क्रू त्यांनी सोडवताना आटे मोजले नव्हते. घाईत परत बसवला, आणि आता हातोडीची टपली कधी जोरात, कधी हळू. म्हणजे हवा गळत नव्हती, पण छर्रे कधी वर तर कधी खाली. छर्‍याचा वेग मोजायचं यंत्र पुण्यात होतं. महादेवरावांकडं कपड्याचा साबण होता.

"एक वडी दे," त्यांनी मंजुळाबाईंना सांगितलं. वडी कुंपणाला टेकवली, संजीवनीनं पाच छर्रे मारले, मग महादेवरावांनी सायकलचा आरा एकेका भोकात घालून खोली मोजली. एक खोल, एक उथळ. स्क्रू पाव आटा. पुन्हा पाच. दुसरी वडी. पुन्हा पाव आटा. तिसरी.

चौथ्या वडीला मंजुळाबाई बाहेर आल्या. "धुणं काय तुमच्या वॉल्वानं धू?"

"तुकडे वापर ना. आत शिसं हाय, तेवढं काढून घे."

"चाळीस वर्षं तुमचा संसार केला," मंजुळाबाई म्हणाल्या, "पण साबणातून गोळ्या वेचाची पाळी आजच आली." आणि पाचवी वडी त्यांनी स्वतः नेऊन कुंपणाला टेकवली. "मार, पोरी. नीट मार."

पाचही भोकं सारखी खोल निघाली. मग कागद टांगला. संजीवनीनं बंदुकीवरची नेम धरायची निशाणी आठवडाभर हलवली नव्हती. जुन्या निशाणीवर छर्रे मधोमध पडले, म्हणजे वॉल्व आपल्या जागी आला.

रविवारी अमरावतीला बंदुका तपासणाऱ्या टेबलावरच्या साहेबांनी आट्यावरून पांढरा कापूस फिरवला. कापूस किंचित गुलाबी झाला. "हे काय?"

"कुंकू," महादेवराव म्हणाले.

"बंदुकीत कुंकू?"

"होतं, साहेब. आता बाहेरच हाय. वॉल्व तपासा, घड्याळ तपासा, मले तपासा."

साहेबांनी बंदूक तपासली. वजन, घोडा, लांबी सगळं नियमात होतं. शिक्का बसला.

साठ छर्रे मारायचे होते. महादेवराव मागच्या खुर्चीवर होते, पण पडद्यावरच्या आकड्यांकडं त्यांचं लक्षच नव्हतं. संजीवनी डाव्या खांद्याला बंदूक लावून, जशी घरी उभी राहते तशीच उभी होती, आणि ते नुसता आवाज ऐकत होते. टप. टप. प्रत्येक टप सारखी. शेजारच्या बाईंनी सांगितलं, चाळीस झाल्यावर तुमची मुलगी नवव्या नंबरावर आहे. "सून हाय," ते म्हणाले आणि डोळे मिटून पुन्हा ऐकू लागले. पन्नासाव्याला शेजारच्या दोघींची टप डगमगली. हिची डगमगली नाही.

ती सातवी आली. आठांतली सातवी.

ती धावत आली, डोळ्यांत पाणी, आणि त्यांच्या पाया पडायला वाकली. त्यांनी आधी विचारलं, "हवा किती राह्यली?"

"एकशे चाळीस, मामाजी."

"तेवढीच राहाले पायजे," ते म्हणाले आणि मग त्यांना कुठं बघावं ते कळेना.

संध्याकाळी एसटीतून उतरून घरी आले तेव्हा दारात मंजुळाबाई ताट घेऊन उभ्या होत्या आणि मागं अख्खी गल्ली. त्यांनी सुनेला ओवाळलं. मग ताटातलं कुंकू बोटावर घेतलं आणि पेटीतल्या बंदुकीपाशी येऊन त्या थबकल्या. वामनराव मागून ओरडले, "वहिनी, आता तरी नका लावू! महादेवराव, सांगा ना त्यांईले! काही शिकले का नाई?"

महादेवरावांनी खिशातून एक काळं रबरी बूच काढलं. फवारणीच्या पंपाचं, शनिवारी बसून तासून तंतोतंत केलेलं. नळकांडं सोडवून बाजूला ठेवलं आणि बूच बंदुकीच्या उघड्या आट्यावर घट्ट बसवलं. मग मंजुळाबाईंचं बोट धरून नेमकं त्या बुचावर टेकवलं.

"तोंडालेच लागते," ते वामनरावांकडं पाहत म्हणाले.